दसऱ्यापासूनचं कॅलेंडर

हॅलो?

हॅलो… कोण? शिवकन्या? अगं बोल की बाई. सकाळपासून फोन धरून बसलेय. भाकरीसुद्धा एका हातानं थापली.

येतंय, येतंय ऐकू. थांब, ओट्याच्या कडंला येते, हितं जरा रेंज असती… हां. बोल आता.

मी बरी हाय. सगळे बरे हायेत. तू बरी हायेस ना? झालं मग. आता कामाचं सांग. ऑर्डर पक्की झाली का न्हाई?

अगं चहा झाला का ते नंतर इचार. ऐक ना. ट्रक पारापाशी येऊन उभा हाय, कवाचा. तानाजी मुकादमानं हारन वाजवून गाव डोक्यावर घेतलंय. लोकांची भांडी चढली, ताडपत्र्या चढल्या, कुणाची तरी कोंबडी सुटली तर अर्धी टोळी तिच्यामागं पळतीय. आन आमचा अजिनाथ हितं माझ्यासमोर उभा हाय, डोक्याला टावेल गुंडाळून. तू काय सांगतीस ते माझ्या तोंडावर वाचायलाय.

हो, माझा भाऊच. मनिषाचा बाप. दुसरा कोण?

तुला दिवाळीला सांगितलंतं की सगळं. इसरलीस? त्यो म्हणला, आक्का, त्या पुण्यावाल्यांची कॅलेंडरांची ऑर्डर पक्की झाली तर मनीला फडात नेत न्हाई. मी बी जात न्हाई, माजलगावच्या मोंढ्यात हमाली करतो. घर दोघांच्या कामावर निघंल. आन न्हाई झाली तर मनी माझ्यासंगं ऊस तोडायला. मुकादम एकट्या गड्याला घेत न्हाई, जोडी पायजे. वहिनी तर मागल्या हंगामात मोळी घेऊन ट्रकवर चढताना फळीवरून पडली, तवापासून कंबर धरून आत पडून हाय. मग बायकोच्या जागी पोरगी. अकरावीला नाव घातलंय तिचं, त्याला कोण इचारतंय. तानाजीकडं दुसरं जोडपं तयार हाय, पारावर गाठोडं घेऊन बसलंय. त्याला फक्त व्हय का न्हाई ते पायजे. म्हणून म्हणते, बोल लवकर.

काय?

लई आवडली?

सगळ्यांना?

अजिनाथ, लई आवडली म्हणतीय रे. मोठमोठी माणसं हातात घेऊन बघत होती म्हणं… अगं थांब, त्याला सांगू दे की. हसला बघ. टावेल सोडला डोक्याचा. तिकडं तुमच्याकडं हसण्याचं काय न्हाई, हितं आमचा भाऊ हसला की मी दिवस लिहून ठेवावा असं झालंय.

मनी? मनी आत पातेली बांधतीय. बापानं सांगितलंय, बांधून ठेव, काय व्हईल ते व्हईल. बांधती आन सोडती. एक पातेलं तिनं सकाळपासून कितींदा बांधलं असंल.

हां… हां… ठसे ना? सगळे तिनंच कोरलेले. खोडरबर संपले, मग गावातून जुन्या स्लीपरी गोळा केल्या. लोक हसायले. म्हणाले वनमालाला नवऱ्यानं सोडलं तवापासून ती चपला चोरायली. स्लीपरचा तळ कापायचा, बाभळीच्या ठोकळ्यावर चिकटवायचा आन ब्लेडनं कोरायचा. आकडे उलटे कोरावे लागतात ना गं. तिला इतकी सवय झाली की शाळेत फळ्यावर उलटा चार काढून आली. मास्तर म्हणला, पोरी, आरशात शिकतीस का काय?

हो, मला बी हसू येतंय. बोल, कवा पाठवायची बाकीची? गठ्ठे बांधून ठेवलेत मी. वरून प्लास्टिक घातलंय. शेळी खाती न्हाईतर.

पण?

पण काय?

शिवकन्या, पण म्हणलीस का तू?

न्हाई, त्याला कसं ऐकू जाईल. पण माझं तोंड बदलतं ना गं. त्यो बघतोय. हो, हो… असं का… बरं बरं… मी हे उगंच म्हणतीय, तुझं चालू ठेव. काय पण?

कुठून सुरू हाय?

व्हय. ऑक्टोबरपासून. दसऱ्यापासून सुरू हाय. मग?

अगं पण… ऐक ना. ऐक. जानेवारीपासून असतंय हे मला बी म्हाईत हाय. वाण्याच्या दुकानातलं कॅलेंडर माझ्या बी भिंतीवर हाय. मी काय जंगलातून आले का? पण तुमच्या संस्थेच्या मॅडम हितं आलत्या तवा त्यांनी काय बघितलंतं? मनीनं केलेलं ते पहिलं. गेल्या वर्षी आईबाप फडाला गेले आन ही माझ्याजवळ राहिली, तवा तिनं स्वतःपुरतं केलंतं, दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. रोज संध्याकाळी एका दिवसावर ठसा मारायची. मॅडमनी ते भिंतीवरून काढून घेतलं. डोळ्यात पाणी आणलं. म्हणाल्या, असंच पायजे. ह्याच्यातलं काय बी बदलू नका, हे तुमचं आयुष्य हाय. तूच व्हतीस ना संगं? तू म्हणालीस, माणदेशी कलेसारखं दिसतं, त्या म्हणाल्या न्हाई, हे बीडचंच हाय.

मग आमी असंच केलं. बारा पानं केली, पण सुरुवात दसऱ्यापासून. आमचं वर्ष दसऱ्यालाच सुरू व्हतं. मुकादमाची बोली दसऱ्याला. लगीन ठरलं तर येत्या दसऱ्याच्या आत का नंतर. पोरगं कवा झालं इचारलं तर आई सांगती, फडाला जायच्या आधी झालं का आल्यावर. तुझं वय तरी तुझ्या आईनं कसं सांगितलंतं शाळेत? इसरलीस का पुण्याला जाऊन?

कंपनीला?

कुठल्या कंपनीला? ती कुठून आली मधी?

बरं. म्हणजे मॅडमनी ते कंपनीला दाखवलं, कंपनी नव्या वर्षाला आपल्या माणसांना वाटणार. आन कंपनी म्हणली, एक जानेवारीला हातात घेतलं तर वरची तीन पानं शिळी. असंच ना?

मग त्यात काय हाय. किती सोपं हाय ते. वरची तीन पानं काढायची, फुडल्या वर्षाच्या वारांनी नवी तीन मारायची, मागं लावायची. दोरा तर हातानंच ओवलाय. सोडायचा आन परत ओवायचा. मनी हाय, मी हाय, डिसेंबरच्या आत करून देतो. रात्रीचा दिवस करतो. सांग त्यांना.

आणखी हाय म्हणतीस?

थांब. थांब जरा… अजिनाथ, हितं आवाज तुटायलाय रे. मी मागं शेळ्यांकडं जाते. न्हाई, न्हाई, चांगलंच हाय. तीन पानं नवी करायची म्हणतेत, तेवढंच. तू तानाजीला थांबव जरा… हो, सांग आक्का बोलतीय म्हणून.

हां. आले गोठ्यात. हितं कोणी न्हाई. आता बोल.

कोयता?

कोयत्याला काय झालं?

हिंसक?

परत म्हण.

अगं पुण्यात पोरं कोयते घेऊन गाड्या फोडत फिरत असतील, त्याला मनीनं काय करायचं? पेपरात येतं, मी बी वाचते. पण आमच्याकडं कोयता म्हणजे हत्यार न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. अजिनाथ आन वहिनी एक कोयता, आता अजिनाथ आन मनी एक कोयता. तिनं कोरला त्यो तिच्या आईबापाचा ठसा हाय. हे तू सांगितलंस का तिथं, का तू बी मान हलवलीस?

हां. मान हलवली असशील.

आन काय? मोर पायजे व्हता. बरं. आन ती हातात हात धरून नाचणारी काडीची माणसं पायजे व्हती. वारली. अगं आमी कवा नाचलो असं गोलात? आमच्याकडं बायका गोलात बसतात त्या ज्वारी निवडायला, न्हाईतर कुणी मेल्यावर. मनीनं बोर काढलं, तरवडाचं फूल काढलं, टायरची बैलगाडी काढली, पाचटाची खोपी काढली. तिनं जे बघितलं ते काढलं. मोर तिनं पुस्तकात बघितलाय. पायजे तर त्यो बी कोरून देती. सांग त्यांना. कोयता काढतो, मोर घालतो. वारली बी घालतो, जा. नाचवतो सगळ्यांना. मी भांडतीय का? मी कुठं भांडतीय?

शिवकन्या, मी सगळ्याला व्हय म्हणायलेय. तू न्हाई कशाला म्हणायलीस ते तरी सांग.

हॅलो?



…छापून झालं?

काय छापून झालं?

हळू बोल. परत सांग. मला कळलं न्हाई. म्हणजे कळलं, पण परत सांग.

त्यांनी मनीच्या कॅलेंडराचे फोटो काढले. मशीनवर. एकेका ठशाचा वेगळा. आन प्रेसवाल्यानं ते कंप्युटरवर मांडले. जानेवारीपासून. कोयता काढून. मोर दुसरीकडून आणून. आन छापले.

आकडे बी तिचेच?

तिचेच. बरं.

शाई जरा फिसकटलेली तशीच ठेवली. का? …हाताचं वाटावं म्हणून.

हाताचं वाटावं म्हणून.

थांब, शेळी दोरीला गुंतलीय… न्हाई, सोडवते. तू बोल. मला ऐकू येतंय.

म्हणजे आता हाताचं काम नकोच. ती डिझाइनं मिळाली की. आमच्या हातांचा फोटो काढला आन हात टाकून दिले. एवढंच ना? सरळ सांग की. कंपनी, मागणी, मुदत, असले शब्द कशाला आणतीस. मी सातवी शिकलेय, पण सरळ बोललेलं मला कळतं.

मागच्या पानावर काय लिहिलंय?

वाच. हाय ना तुझ्याजवळ? मग वाच.

'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातील महिलांच्या हातांनी साकारलेले.'

हातांनी.

कुठल्या हातांनी गं? प्रेसमधल्या मशीनला बायकांचे हात हायेत का? तिची बी कंबर मोडलीय का? तिला बी दसरा झाला की ट्रकमधी घालतात का?

मी वरडत न्हाई. ही माझी बोलायची रीत हाय. तू इसरलीस, तुझ्या घरात बी असंच बोलायचे.

कवा छापलं?

कवा, शिवकन्या?

दिवाळीच्या आधी.

म्हणजे तू दिवाळीला गावाकडं आलीस, तवा छापून झालंतं. माझ्याकडं आलीस. करंज्या खाल्ल्यास. मनीनं तुला ते पणतीचं कार्ड दिलं, स्वतःच्या हातानं कागद दुमडून, तुझं नाव ठशानं मारून. तुझं नाव किती लांब हाय, एकेक अक्षर कोरावं लागलं तिला. घेतलंस तू. पर्समधी ठेवलंस. तवा म्हाईत व्हतं तुला?

बोल.

हां.

आन आमी दिवाळीच्या पाडव्याला बी बसलोतो. लोकांच्या दारात रांगोळ्या आन आमी ठसे मारत बसलोतो. मनीच्या नखात निळी शाई गेली ती निघाली न्हाई, तशीच ओवाळलं तिनं बापाला. तू बघत व्हतीस. म्हणालीस, छान दिसतात गं तुझी नखं. कावून न्हाई सांगितलंस? एक वाक्य. 'वनमाला, थांबव.' एवढंच. आमी थांबलो असतो. अजिनाथनं दुसरं काय बघितलं असतं, मोंढ्यात, न्हाईतर सिरसाळ्याला कुणाच्या शेतात, कुठं बी. त्यानं तुझ्या शब्दावर दिवस घालवले.

हिंमत झाली न्हाई.

तुझी हिंमत झाली न्हाई. आन आता ट्रक उभा असताना झाली.

तुझी नोकरी. हो. कळतं मला. तुझी नोकरी जाईल, पोरांची फी हाय, घराचा हप्ता हाय. मी कवा म्हणले नोकरी सोड? तू सुटलीस हितून त्याचा मला आनंदच हाय. गावातली एक तरी सुटली. पण सुटलेल्या माणसानं मागच्यांना उभं करून ठेवू नये गं. पळायचं तर पळ. वाट बघायला लावू नको.

काय म्हणतेत मॅडम? आणखी काय?

फोटो.

मनीचा फोटो पायजे. तिच्या हातात कॅलेंडर. 'नैसर्गिक उजेडात.' तुमी पाठवणार कॅलेंडर, तिनं हातात धरायचं आन हसायचं. ते फेसबुकला टाकणार.

फडातून पाठवू का? तिकडं उजेड लई नैसर्गिक असतो.

फुडल्या वर्षी? फुडल्या वर्षी नक्की?

ऐक, मी तुला सांगते फुडलं वर्ष. उसाचं पाचट अंगाला घासून पहिल्या आठवड्यात पोरीची बोटं फाटतील. त्याच्यावर तेल लावंल, चिंधी बांधंल, तोडंल. मग कातडं घट्ट व्हईल. गुढीपाडव्याला परत येईल तवा तिच्या बोटाला ब्लेड धरलेलं कळणार न्हाई. माझी बोटं बघितलीस ना तू? मी दोनच हंगाम गेलते नवऱ्यासंगं. मला सुईत दोरा ओवायला अजून दुसरं माणूस लागतं. म्हणून कोरायचं काम मी तिला दिलं आन दाबायचं मी घेतलं. हे तुमच्या मागच्या पानावर लिवायला सांग. जागा असंल तर.

आन एकदा जोडी लागली की लागली. फुडल्या दसऱ्याला मुकादम इचारणार न्हाई, मनी येणार का म्हणून. धरूनच चालंल. मग कुणाचं तरी पोरगं बघतील, म्हणतील बापाबरोबर किती दिवस, नवऱ्याबरोबर जाऊ दे, त्याचा बी कोयता व्हईल. मला असंच दिलंतं. तुला शाळेत पाठवलं आन मला दिलं. आपण एका बाकावर बसायचो, शिवकन्या.

रडू नको. ऐक. रडू नको, वेळ न्हाई. एक काम कर माझं.

मी अजिनाथला हाक मारते. फोन त्याच्याकडं देते. तू म्हण, ऑर्डर पक्की. एवढंच म्हण. तीन पानं नवी करा आन पाठवा, असं म्हण. त्यो तानाजीला न्हाई म्हणंल, ते दुसरं जोडपं चढंल, ट्रक जाईल. ट्रक गेला की मग गेला. मग मी सांगते त्याला खरं, उद्या, परवा. शिव्या घालू दे मला. मारू दे. पण ट्रक गेलेला असंल. टोळ्या एकदा निघाल्या की कोण घेतं मागून? मग त्याला मोंढ्याशिवाय वाटच न्हाई.

न्हाई कावून?

खोटं कसं बोलू म्हणतीस? तू? आत्ता तुझ्या हातात हाय ते, छापलेलं, मागच्या पानावर लिहिलेलं, ते खरं हाय का? तुमी एवढं मोठं खोटं चकचकीत कागदावर छापलं आन तुला एक वाक्य जड झालं?

उद्या त्यानं तुझ्या संस्थेला फोन लावला तर… हो, लावंल. लावू दे की.

न्हाई म्हणतीस.

बरं.

बरं, ठीक हाय. मग मीच बोलते. तू फक्त ठेवू नको फोन. चालू राहू दे, त्याला दिसू दे मी बोलतीय… आला बघ. इकडंच यायलाय.

काय रे? झालं, झालं बोलून. पक्की झाली रे अजिनाथ, ऑर्डर पक्की. तीन पानं बदलून पायजेत त्यांना, बाकी सगळं तेच… व्हय, मनीनंच करायचीत, दुसऱ्या कुणाला जमतील… अरे शिवकन्या हाय की फोनवर, तीच सांगतीय… तिला काय परत बोलायचंय, तिच्यामागं माणसं हायेत… जा तू, तानाजीला सांग. मोठ्यानं सांग.

…

गेला.

शिवकन्या, गेला त्यो. काय न इचारता गेला. वळला तसा पळतच गेला, चप्पल पायात न घालता. 'तानाजी, ते दुसरं जोडपं चढव,' असं हितूनच वरडला. आयुष्यात पहिल्यांदा मुकादमावर वरडला असंल.

  तू काय बोलू नको.

थांब.

कोण हाय तिथं?

मनी?

तू हितं काय करतीस? कवापासून हायेस?

…

दोरी न्यायला आलती. शिवकन्या, ती दोरी न्यायला आलती, भांड्याच्या पोत्याला. कुडाच्या पलीकडं उभी व्हती. दोरी हातात तशीच हाय.

मनी, ऐक माझं. ऐक ना. पोरी, अगं थांब… मनी!

…

हॅलो… हां. हाय मी.

न्हाई, थांबली न्हाई. दम लागलाय मला. पळत गेले तिच्यामागं घराच्या कोपऱ्यापर्यंत. फुडं न्हाई गेले. हितून दिसतंय.

बोलतीय बापाशी. पाराजवळ. सगळ्या लोकांत.

मला म्हणली… जाताना म्हणली, 'आत्या, ऑर्डर न्हाई आन फड बी न्हाई, तर आईला खायला काय घालायचं?' रडली न्हाई. हळूच म्हणली. जसं मला शाई संपली म्हणून सांगती तसं.

काय सांगू मी तिला? तू सांग, तू शिकलीस. काय सांगायचं व्हतं मी?

अजिनाथ खाली बसला. पाराच्या दगडावर. ती उभी हाय त्याच्याजवळ. तानाजी काहीतरी बोलायलाय, हात हलवतोय. चढलेलं ते जोडपं परत खाली उतरायलंय. बाईनं गाठोडं आधी खाली टाकलं. तिचं काम बी गेलं आता, तिच्या घरी बी कुणीतरी काम लागलं म्हणून आनंदात असंल. हे असं हाय आपल्याकडं. एकीची पोर वाचवायची तर दुसरीला वर चढवायचं.

न्हाई, कशाला थांबवू? जाऊन काय म्हणू? माझ्या तोंडावर आता कुणाचा इश्वास बसंल?

चढली.

मागच्या बाजूनं. बापाच्या आधी चढली. तिथल्या एका बाईनं हात दिला, तर तिचा हात न धरता चढली. आईसारखीच हाय त्या बाबतीत.

अजिनाथ बी चढला.

इकडं बघितलं का? न्हाई. कुणीच न्हाई बघितलं.

हारन ऐकू येतंय ना तुला? तेच. निघाला.

ते गठ्ठे? गठ्ठ्यांचं काय करू म्हणजे? तू इचारतीस? पाठव म्हणतीस… संस्थेच्या दुकानात ठेवून बघू म्हणतीस… ठेव, न ठेव, तुझी मर्जी. फोटो काढायला कामाला येतील तुमच्या. मला त्यातलं एक बी नको घरात. आन ऐक, हे मात्र ऐक. मागच्या पानावरून बीड काढायला सांग. छापून झालं असंल तर काळी शाई फासा त्याच्यावर. न्हाईतर मी येते पुण्याला आन तुमच्या त्या कंपनीच्या दारात उभी राहून एकेकाला सांगते, हे कुणाच्या हातचं हाय आन ते हात आत्ता कुठं हायेत. मला एसटी कळती. मला बोलता बी येतं. मला कुणाची नोकरी जायची भीती न्हाई, मला नोकरीच न्हाई.

माफी?

कशाला मागतीस गं? घेऊन मी ती कुठं ठेवू?

थांब. थांब जरा, आतून हाक येतीय.

वहिनी हाक मारायलीय.

हो वहिनी, आले… आले, फोनवर हाय.

शिवकन्या… तिनं ऐकलंय. मी मघाशी अजिनाथला मोठ्यानं सांगितलं ना, पक्की झाली म्हणून, ते आत गेलंय. तिनं तेवढंच ऐकलंय. फुडचं काय तिला ऐकू गेलं न्हाई. ती पडल्यापडल्या हसायलीय. मला आवाजावरून कळतंय.

ठेव आता फोन. मला आत जायचंय. ती इचारायलीय, ट्रक तर गेला, मग मनी अजून आत कावून आली न्हाई.